डेबियनवर चालतंय, अल्पाइनवर आपटतंय

प्रश्न : दादा नमस्कार, मी खानापूरचा, बेळगावात एका छोट्या कंपनीत कामाला आहे. सी मधली एक जुनी थ्रेडिंग लायब्ररी (एका प्रोग्रॅममध्ये अनेक कामं, म्हणजे थ्रेड, एकत्र चालवणारी) अल्पाइन लिनक्सवर पोर्ट केली, म्हणजे तिथं चालेल अशी केली, आता तिचं पॅकेज मीच सांभाळतोय. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर काही त्रास नाही पण अल्पाइनवर लोड आला की सेगफॉल्ट (मेमरीच्या चुकीनं प्रोग्रॅम बंद पडतोय), आणि कधीकधी थ्रेड रिकाम्या रांगेतनंच काम उचलायला जातोय. #इफडेफ लिनक्स, म्हणजे लिनक्स असेल तरच हा कोड घे अशी अट, घालून बघितलं, फरक नाही. दर नव्या आवृत्तीला सहा पॅच (मूळ कोडवरचे आपले बदल) परत बसवायचे. मूळ लेखकांना कळवू की आपलं आपण चालवू?

उत्तर : कळवा, पण आधी दुखणं बघू. अल्पाइन पण लिनक्सच की हो, त्यामुळं त्या #इफडेफनं काय वेगळं होणार, फरक आहे तो सी लायब्ररीत, म्हणजे सी प्रोग्रॅमला लागणाऱ्या मूळ फंक्शनांच्या संचात, डेबियनवर जीलिबसी आणि अल्पाइनवर मसल. जीलिबसीत थ्रेडचा स्टॅक (फंक्शनातल्या लोकल गोष्टी ठेवायची जागा) साधारण ८ एमबी मिळतो, मसलमध्ये डिफॉल्ट फक्त १२८ केबी. आता तुमच्या थ्रेडच्या फंक्शनात २५६ केबीचा कॅरॅक्टर अ‍ॅरे लोकल म्हणून ठेवलेला असेल तर तो डेबियनवर वर्षानुवर्षं मुकाट बसेल आणि अल्पाइनवर पहिल्याच फेरीत आपटेल. माझ्याकडं अगदी हेच झालं होतं, लॉग लिहायचा बफर होता, दोन दिवस मी लॉकच तपासत बसलो. असला बफर मॅलॉकनं, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीत, घ्या, नाहीतर थ्रेड तयार करतानाच सेटस्टॅकसाईजनं हवा तेवढा स्टॅक मागून घ्या. मसल स्वतःच्या नावाचा मॅक्रो, म्हणजे #इफडेफनं तपासता येईल अशी खूण, देत नाही, मुद्दामच, म्हणून सिस्टिमचं नाव विचारू नका, हवी ती सोय आहे का ते कॉन्फिगरमध्ये (बिल्डच्या आधीच्या तपासणीत) छोटा प्रोग्रॅम कंपाईल करून तपासा.

रिकाम्या रांगेचं कारण वेगळं. थ्रेड काम येईपर्यंत जिथं झोपतो त्या कंडिशन वेटच्या भोवती इफ आहे का बघा, तिथं व्हाईलच पाहिजे, म्हणजे जाग आल्यावर अट परत तपासली जाते. रात्री शेतात मोटर सुरू करायला जातो तसं आहे हे, कोणीतरी "लाईट आली" म्हणून हाक मारतं, आपण उठून पंपाच्या खोलीत जातो, पण थ्री फेज आलंय का हे बघितल्याशिवाय स्टार्टरचं बटण दाबत नाही, सिंगल फेजच असलं तर परत येऊन पडतो, आणि पुढची हाक आली तरी परत बघतोच. पॉझिक्स या मानकात थ्रेडला उगाचच जाग येऊ शकते असं स्पष्ट लिहिलंय, शिवाय सिग्नल खरा असला तरी तुमचा थ्रेड म्युटेक्स (रांगेचं कुलूप) परत घेईपर्यंत दुसऱ्यानं काम उचललेलं असतं. डेबियनवर हे दिसलं नाही ते टायमिंगमुळं, कोड तिथंपण चूकच आहे.

म्हणूनच हे दोन पॅच अल्पाइनचे नाहीतच, मूळ लायब्ररीचे आहेत, आणि तुमच्याकडंच ठेवले तर बाकी लोक तेच भोगत बसतील. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती, वर चार ओळी कारण, आणि चूक दाखवणारी छोटी टेस्ट, एवढं करून पाठवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत एपीकेबिल्डमध्ये (अल्पाइन पॅकेज कसं बांधायचं ते लिहिलेली फाईल) पीकेजीरेल, म्हणजे पॅकेजचा फेरी क्रमांक, एकनं वाढवून, फाईलींचे चेकसम नव्यानं लिहिणारं अबिल्ड चेकसम चालवून तुमच्या लोकांना दुरुस्ती आजच द्या, त्यांना थांबवू नका. तुमच्या आधीच्या सहा पॅचच्या डोक्यावरपण कारण लिहा, मी एक पॅच बिनकारणाचा दोन वर्षं वागवला आणि काढायची वेळ आली तेव्हा तो कशासाठी होता तेच आठवेना, शेवटी भीतीनं तसाच ठेवला.