आधी पडायला शिकवतात का ते बघा

बर्मिंगहॅमहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे. माहेर मालवण, सासर देवगड. मुलगा आठ वर्षांचा. शाळेत दोन पोरं त्याला येता-जाता ढकलतात. मुलगी चौदाची, तिला 'काहीतरी फायटिंगचं' शिकायचं आहे. घराजवळ ज्युदो, तायक्वांदो आणि ब्राझिलियन ज्युजित्सू असे तीन क्लास आहेत. त्यात देवगडहून सासूबाईंचा फोन : "पोरांका मारामारी कित्याक शिकवतास? मल्लखांब शिकवा." मग निवडायचं काय?

ताई, प्रकाराचं नाव तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही ठिकाणी जाऊन एकेक तास कोपऱ्यात बसा, फोन पिशवीत ठेवून. त्या दिवशी मुलांना नेऊ नका. ती सोबत असली की शिक्षक तुमच्याशी गोड बोलतो आणि तुमचं बघायचं राहून जातं. पालकांना आत बसू देत नाहीत असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

बघायचं ते नव्या पोराकडे. चांगला शिक्षक त्याला आधी पडायला शिकवतो. हनुवटी छातीला टेकलेली, डोकं मॅटला लागत नाही, हात अंगापासून थोडा लांब सपकन आपटायचा, श्वास सोडायचा. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. पहिले काही आठवडे पोर घरी येऊन सांगेल की आज पण पडलोच फक्त, आणि तुम्हाला वाटेल फी फुकट गेली. श्रावणात आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तेव्हा माणसं कशी मनगटं मोडून घेतात ते तुम्ही माहेरी पाहिलं असेलच. पडताना हात खाली टेकायची सवय जाणं ही या सगळ्या विद्येतली जन्मभर उपयोगी पडणारी गोष्ट. लाथ मारायची वेळ बहुतेकांवर कधी येतही नाही.

आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवा. जोड्या वजनाने लावतात की जो समोर येईल त्याच्याशी? आणि एखाद्याच्या डोक्याला लागलं तर शिक्षक काय करतो? 'काही नाही, ऊठ' म्हणून पुन्हा उभा करत असेल तर तो क्लास सोडा. डोक्याला मार बसून पोर गरगरलं किंवा गोंधळलं तर त्या दिवशीचा खेळ संपला आणि डॉक्टर गाठायचा, एवढा साधा नियम आहे.

इंग्लंडात मार्शल आर्टचा क्लास काढायला सरकारी परवाना लागत नाही, हे पुष्कळ आई-बापांना ठाऊक नसतं. काळा पट्टा बांधून कुणीही हॉल भाड्याने घेऊ शकतो. म्हणून शिक्षकाची डीबीएस तपासणी, म्हणजे त्याच्या नावावर गुन्ह्यांची नोंद आहे का याची सरकारी तपासणी, झाली आहे का, विमा आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, हे तोंडावर विचारा. 'सेफगार्डिंग कोड इन मार्शल आर्ट्स' नावाची मान्यता तिकडे आहे. ती क्लबकडे असेल तर उत्तम. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांनी मुलांबरोबर काम करण्यासाठीची तपासणी झाली आहे का ते विचारावं. विचारताना संकोच नको. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

आता प्रकार. आठ वर्षांच्या मुलासाठी तिघांत माझं मत ज्युदोला. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत सुरू केलेली ही विद्या १९६४ साली पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. ठोसा नाही, लाथ नाही. धरायचं, तोल काढायचा, पाडायचं आणि दाबून ठेवायचं. ढकलाढकलीने हैराण झालेल्या पोराला याचा फायदा असा की कुणी कॉलर धरली तरी ते गांगरत नाही, रोजचीच सवय असते. ज्युजित्सूही चालेल, त्यात जमिनीवरचं जास्त. मात्र गळा दाबणं आणि सांधा पिरगळणं लहानांना कुठल्या वयात, कसं शिकवतात ते आधी विचारून घ्या. तायक्वांदोत लाथा, लवचीकपणा, उड्या. मुलांना मजा येते. पिंजऱ्यातल्या मारामारीचं मिश्र प्रकरण, एमएमए, मुलांसाठी नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्यापासून मुलांना दूर ठेवायलाच सांगितलं आहे.

पट्ट्यांचा बाजार हा वेगळाच विषय आहे. दर दोन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी, 'अमुक वर्षांत ब्लॅक बेल्ट'चा करार आणि तो मोडला तर दंड. तुलनेला सांगतो : ब्राझिलियन ज्युजित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत निळा पट्टा सोळाच्या आत नाही, काळा एकोणिसाच्या आत नाही. तायक्वांदोची कोरियातली मुख्य संस्था कुक्कीवॉन, तिच्याकडून पंधराच्या आतल्या मुलांना दान, म्हणजे मोठ्यांच्या काळ्या पट्ट्याचा दर्जा, मिळत नाही, पूम हा मुलांचा दर्जा मिळतो. तेव्हा दहा वर्षांचं पोर मोठ्यांचा काळा पट्टा बांधून फिरत असेल तर तो क्लासनेच छापलेला समजा. करारावर सही करण्याआधी महिन्याच्या फीवर काही आठवडे जाऊन बघा. त्याला तयार नसतील तर खरा धंदा कशाचा ते कळलंच.

आणि एक गोष्ट क्लासवर सोपवू नका. पोराला ढकलतात ते शाळेत, तेव्हा ते निस्तरायचं शाळेने. इंग्लंडात सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना दांडगाई रोखण्याचे उपाय असलेलं वर्तन-धोरण ठेवावंच लागतं. तारीखवार लिहून द्या, उत्तर लेखी मागा. 'आता ज्युदो शिकतोस ना, मग हाण त्याला' असं घरातल्या कुणी म्हणालं तर त्यालाच गप्प करा. आपलं पोर हात उगारताना दिसलं की आधीची सगळी ढकलाढकली बाजूला राहते आणि चौकशी त्याचीच होते. अमेरिकेतल्या कित्येक शाळांत तर दोघांनाही सारखीच शिक्षा होते.

मुलीचं तिला ठरवू द्या. चौदाव्या वर्षी आईने निवडलेला क्लास टिकत नाही. तिन्हीकडे एकेक चाचणी तास करून तिला सांगू दे. तुम्ही एवढंच बघा की तिच्या वयाच्या आणखी मुली आहेत का आणि सरावाला कुणाशी जोडी नको वाटली तर 'नको' म्हणायची मोकळीक आहे का. स्पर्धेत उतरली तर वजनगटासाठी उपाशी राहणं, घाम काढणं यांना अजिबात परवानगी नको, प्रशिक्षक कितीही मोठा असो. (रत्नागिरीकडच्या, आता मस्कतला असलेल्या एका भगिनींनी मागे विचारलं होतं, त्याचं उत्तर : कराटे आणि तायक्वांदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हिजाबने डोकं झाकून खेळता येतं.)

सासूबाईंचं मात्र अगदीच उडवून लावू नका. मल्लखांब मारामारीची विद्या नाही, पण कुस्तीगिरांच्या सरावातून आलेला आहे आणि पकड, खांदे, पोट यांना त्यासारखा व्यायाम नाही. एरंडेल चोळलेल्या खांबावर पहिल्या दिवशी पोर सर्रकन खाली येतं, खदाखदा हसतं आणि पुन्हा चढतं. दोरीचा मल्लखांब मुलीलाही आवडेल. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा परदेशातली मुलंही उतरली होती. बर्मिंगहॅममध्ये रोजचा खांब मिळणं कठीण, तेव्हा सुट्टीत गावी आलात की जवळच्या व्यायामशाळेत घेऊन जा.

गावी आल्यावर एक होणारच. पडवीत पाच माणसं जमली की कुणीतरी काका म्हणणार, "काय रे, कराटे शिकतंस ना? ह्यां कौल फोडून दाखय बघूया." ते ज्युदो आहे हे सांगून उपयोग नाही. कौल फुटत नाही, बोट फुटतं. मुलाला आधीच सांगून ठेवा की दाखवायचंच असेल तर माजघरात गोधड्या अंथरून पडून दाखव.

ऑगस्टात क्लास बुडेल म्हणून यायचं टाळू नका. निघायच्या महिनाभर आधी फी थांबवायला लेखी कळवा. बरेच क्लब थांबवतात, पण आयत्या वेळी सांगितलं तर बँकेतून पैसे कापले जातात आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात.