पोरगं अठरा पूर्ण झालं, आता पोटगी बंद?

प्रश्न : मी तासगावची, नवरा वेगळा राहतो, मुलगा वीस वर्षांचा, मतिमंद, सर्टिफिकेटवर ६५ टक्के आहे. नवरा म्हणतो अठरा झाले आता एक रुपया देणार नाही, खरंय का हे?

उत्तर : अजिबात नाही ताई. अपंगत्वामुळं स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला अठरानंतरही बापाकडून पोटगी मिळते, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं (सीआरपीसी) पोटगीचं कलम १२५ तेच १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १४४ झालंय, आणि नवरा कुठंही राहू दे, अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो. अंतरिम पोटगी, म्हणजे केस चालू असतानाची पोटगी, आधी मागा, त्या अर्जाची नोटीस नवऱ्याला मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निकाल द्यावा असं कायदाच सांगतो. संजय गांधी निराधार या सरकारी अनुदान योजनेचा अर्जही तहसीलला चौकशी करून लगेच टाका, कोर्टासाठी थांबू नका.