ख्रिस्ती होमस्कूलिंगमध्ये मुलाच्या खेळाला किती वेळ द्यावा?

तुम्ही विचारलंय की टेक्सासमध्ये पाच वर्षांच्या मुलाचं होमस्कूलिंग, म्हणजे शाळेत न घालता घरीच शिकवणं, सुरू करतोय, अभ्यासक्रम कोणता घ्यावा आणि खेळाला किती वेळ द्यावा. अभ्यासक्रमाचं नंतर. खेळावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय, त्यामुळे आधी तेच सांगते. पाच वर्षांच्या पोराचा दिवसातला बहुतेक वेळ खेळण्यातच गेला पाहिजे. थोडा नाही, बहुतेक.

आम्ही मूळचे नगरचे, आता डॅलसजवळ असतो. माझ्या मोठ्या दिरांनी, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांची मुलं वर्कबुकवाल्या पद्धतीने शिकवली. तीन बाजूंनी बंद टेबल, पुढ्यात पुस्तिका, अडलं की छोटा झेंडा उभा करायचा आणि आई येईपर्यंत गप्प बसायचं. मुलं हुशार निघाली, ते मी नाकारत नाही. पण माझा मुलगा सहा वर्षांचा असताना दादा एकदा सकाळी घरी आले तेव्हा आम्ही ड्राइव्हवेवर खडूने बायबलमधल्या नोहाचं तारू, म्हणजे जहाज, आखत होतो. तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. तीनशेला जागाच नव्हती म्हणून नुसती उंची आडवी घेतली. पोरगा पालथा पडून कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक एक हात मोजत पुढे सरकतोय, शेजारी त्याचे बाबा स्वतःच्या हाताने मोजतायत. तीस हात झाल्यावर बघतो तर बाबांची रेघ फुटपाथच्याही पलीकडे आणि ह्याची कितीतरी अलीकडेच संपली. तो चिडलाच. म्हणाला, मग देवाने कोणाच्या हाताने मोजायला सांगितलं? आणि थोड्या वेळाने स्वतःच बागेतली एक काठी घेऊन आला, आता दोघांनी हीच वापरायची म्हणून. मापाचं एकक का ठरवावं लागतं हे ह्याहून चांगलं कुठल्या वर्कबुकात शिकवतात ते मला दाखवा.

दादा म्हणाले, "अगं, हा अभ्यास कधी करतो? आणि देवाच्या वचनाचा असा खेळ करू नये."

पुढे जेवताना म्हणाले की खेळातून शिकणं वगैरे सेक्युलर लोकांचं फॅड आहे. मला हेच सहन होत नाही. 1837 मध्ये जर्मनीत ज्याने किंडरगार्टन, म्हणजे खेळातून शिकवणारी बालवाडी, सुरू केलं तो फ्रोबेल लुथरन पाळकाचा मुलगा होता. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत हीच पद्धत शिकल्या आणि परत येऊन 1889 ला मुली-विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. इंग्लंडची शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन, जिच्या नावाने आज निम्म्या ख्रिस्ती होमस्कूलर आया शपथ घेतात, तिचं म्हणणंच होतं की सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नकोत, हवा बरी असेल तर रोज चार-सहा तास मूल बाहेर असावं. आणि बायबलमधलं अनुवाद 6:7 तर सगळेच सांगतात, घरी बसलेले असता, वाटेने चालत असता मुलांना शिकवा, तिथे टेबलाचा उल्लेख कुठे आहे? जखऱ्या 8:5 काढून बघा, देव यरुशलेमेच्या भल्याची गोष्ट करतो तेव्हा चौकाचौकात खेळणारी मुलं-मुलीच दाखवतो.

खेळ म्हणजे एज्युकेशनल ॲप आणि पाढ्यांचे पत्ते नव्हेत बरं का, तो अभ्यासच झाला. नियम मुलाने करायचे आणि मोडायचेही त्यानेच. आपण जवळ असावं, सारखं "ह्यातून काय शिकलास" विचारू नये.

आता अभ्यासक्रम. टेक्सासमध्ये होमस्कूल खासगी शाळेत धरतात, वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं खरोखर शिकवलं पाहिजे, पुस्तकं तुमच्या मर्जीची. पाचव्या वर्षी फोनिक्सचं, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचायला शिकवणारं, एक साधं पुस्तक आणि गोष्टींचं बायबल पुष्कळ झालं, पंधरा-वीस मिनिटं, नाश्त्यानंतर. मराठी घरातच बोला.

एक मात्र आहे. खेळू द्या म्हणजे वाचनाकडे बघूच नका असं नाही. सात वर्षं उलटून गेली तरी अक्षरं जुळत नसतील तर डोळे तपासा, डिस्लेक्सियाची (वाचनातल्या अडचणीची) टेस्ट करून घ्या, "येईल आपोआप" म्हणून बसू नका. आणि एकुलता एक असेल तर को-ऑप, म्हणजे होमस्कूल करणाऱ्या कुटुंबांचा एकत्र भेटणारा गट, शोधाच, एकट्याने खेळून भांडणं मिटवायला शिकता येत नाही. घरातलं कोणी मोठं माणूस "नुसतं खेळतंय" म्हणालं तर त्यांना बाहेर बोलवा आणि हातात खडू द्या. आमचे दादा अजून आलेले नाहीत, पण मी दर वेळी बोलावते.