उंदराच्या ब्लास्टोसिस्टमधून काढलेल्या टीएस सेल्स चार पॅसेजनंतर चपट्या का होतात?

तुम्ही लिहिलंय की साडेतीन दिवसांच्या ब्लास्टोसिस्टमधून, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पोकळ गोळ्यासारख्या गर्भातून, वारेच्या स्टेम सेल्स, म्हणजे टीएस सेल्स, काढताय, पहिल्या कॉलन्या छान येतात आणि चौथ्या पॅसेजपर्यंत (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी सोडवून नव्या डिशमध्ये पेरणं) सगळ्या मोठ्या चपट्या होऊन वाढच थांबते. मी काही वर्षं ह्याच सेल्स सांभाळल्यात, त्यामुळे तुमची चिडचिड कळते. आधी एकच सांगा, हेपरिन घालताय ना, आणि ते बरोबर प्रमाणात पडतंय ना?

का विचारतोय ते सांगतो. गर्भात आतल्या पेशींचा जो गठ्ठा असतो तो एफजीएफ४ हे वाढीचं प्रथिन सोडत राहतो, आणि त्याला चिकटून बसलेल्या बाहेरच्या थरातल्या पेशींना ते प्रथिन मिळतं म्हणून त्या विभागत राहतात, पण त्याच थरातल्या पलीकडच्या बाजूच्या पेशींपर्यंत ते पुरेसं पोचत नाही, मग त्या विभागणं थांबवतात पण डीएनएच्या प्रती मात्र काढतच राहतात आणि जायंट सेल होतात, एका केंद्रकात शेकडो पट डीएनए. डिशमध्ये आतला गठ्ठा नसतो. त्याची जागा तुम्हाला घ्यायची असते, दर दोन दिवसांनी, न चुकता. १९९८ साली टोरांटोला जॅनेट रोसंट यांच्या लॅबमध्ये सातोशी तनाका आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा ह्या लाइनी काढल्या त्या ह्याच जोरावर: मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम एफजीएफ४, १ मायक्रोग्रॅम हेपरिन आणि खाली फीडर, म्हणजे आधार देणाऱ्या पेशींचा थर. एफजीएफ४ पेशीवरच्या रिसेप्टरवर नीट बसायला हेपरिन लागतं आणि त्याच्याशिवाय ते ३७ डिग्रीला फार टिकतही नाही, म्हणून महागडं एफजीएफ४ घालून हेपरिनमध्ये चूक झाली तर काहीच न घातल्यासारखं होतं.

माझ्या दोन लाइनी अशाच गेल्या. हेपरिनचा नवा स्टॉक करताना मी हिशेबात दहापट चुकलो होतो आणि आठवडाभर शंका सिरमवर (मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, घालतात तो रक्तातला द्रव) घेत बसलो. मायक्रोस्कोपखाली मात्र चौथ्या दिवशीच दिसत होतं, मला बघता येत नव्हतं एवढंच. चांगली कॉलनीही चपटीच असते, पण पेशी एकमेकींना इतक्या घट्ट की मधल्या सीमा दिसत नाहीत, आणि कड चकचकीत, भाकरी थापताना कडेने बोट फिरवून सारखी करतात ना तशी. बिघडायला लागली की आधी ती कड विस्कटते, पेशी सुट्या होऊन पसरतात, केंद्रक फुगतं. कडेला दोन-चार जायंट सेल कायमच असतात, त्याला घाबरू नका, कॉलनीच्या मध्यातून पसरायला लागल्या की समजा काहीतरी गेलं.

हेपरिन ठीक असेल तर मग फीडर बघा. एफजीएफ४ एकट्याने भागत नाही, फीडरमधून टीजीएफ-बीटा आणि अॅक्टिव्हिनसारखे संदेशही लागतात. फीडर काढून वाढवायचं असेल तर सत्तर टक्के कंडिशन्ड मीडिया (फीडरवर ठेवून काढून घेतलेला), तीस टक्के ताजा, आणि एफजीएफ४ व हेपरिन दोन्ही दीडपट. कंडिशन्ड मीडिया जुना किंवा अर्धवट वाढलेल्या फीडरवरचा असला की तेही लगेच कळतं. सिरमला पर्याय हवा असेल तर २०१४ मध्ये टीजीएफ-बीटा घातलेला सिरमशिवायचा टीएक्स मीडिया आला, मॅट्रिजेलवर (डिशला लावायच्या प्रथिनांच्या जेलवर) चालतो, पण आधी जुन्या पद्धतीवर हात बसू द्या असं माझं मत आहे.

पॅसेज करताना ट्रिप्सिन या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमने पार सुट्या-सुट्या करून खूप पातळ पेरल्या तर त्यांना शेजार मिळत नाही आणि त्या जायंट व्हायला लागतात, शंभर टक्के भरू दिल्या तरी तेच, म्हणून सत्तर-ऐंशी टक्क्याला करा आणि सुरुवातीच्या पॅसेजला फार विरळ करू नका. अगदी पहिलं फोडणंही असंच वेळेवर लागतं, आउटग्रोथ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट डिशला चिकटून पसरलेला पेशींचा पुंजका, साधारण चौथ्या दिवशी फोडतात, उशीर झाला की जायंट सेल्स आणि एंडोडर्म (गर्भातला दुसराच एक पेशीप्रकार) दोघेही पुढे निघून जातात. ह्याच मीडियात एक्सईएन सेल्सही, म्हणजे त्या एंडोडर्मच्या स्टेम सेल्सही, मस्त वाढतात, गोल चमकदार किंवा फांद्या फुटल्यासारख्या, त्या दिसल्या तर ती वेल (प्लेटमधला खळगा) सोडून द्या आणि चांगली कॉलनी उचलून वेगळी पेरा. नुसत्या आकारावर विसंबू नका, सीडीएक्स२ आणि इओमेस ही टीएस सेल्सची ओळख पटवणारी प्रथिनं एकदा तरी रंगवून बघाच.

उंदीर म्हणजे नक्की माऊस ना, हेही तपासा. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, एफजीएफ४वर वाढणाऱ्या लाइनी २०११ मध्ये निघाल्या, त्यांचा गर्भ साडेचार दिवसांचा घेतात, दिवस मोजण्यात घोळ होतो. आणि कोणी माणसाच्या टीएस सेल्सचा मीडिया सुचवला तर तो नको, तिथे ईजीएफ हे वेगळं वाढीचं प्रथिन लागतं, एफजीएफ४ नाही.

आता करायचं काय, तर जी वेल अजून बरी आहे ती आजच दोन व्हायलमध्ये फ्रीज करा, हेपरिन नव्याने वजन करून बनवा, आणि एकाच प्लेटमध्ये जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावा. चार दिवसांत कडाच सांगतील.