कानाच्या थर्मामीटरने दर वेळी वेगळे तापमान का दिसते?

लागोपाठ घेतलेल्या नोंदींत फरक पडतो, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसून ते धरण्याच्या पद्धतीचा असतो. हा थर्मामीटर कानाच्या पडद्यातून येणारी अवरक्त (इन्फ्रारेड) उष्णता मोजतो. कानाची नळी वाकडी असल्याने टोक पडद्याच्या रोखाने नसले, तर नळीच्या भिंतीचे तुलनेने कमी तापमान नोंदले जाते. म्हणून मोठ्यांचा कान वर आणि मागे, तर वर्षाच्या आतील बाळाचा सरळ मागे हलकेच ओढून, टोक नीट बसल्यावरच बटण दाबावे. उशीवर दबलेला कान गरम असतो, त्यामुळे उठल्यावर किंवा उन्हातून आल्यावर 15 मिनिटे थांबावे. थर्मामीटरच्या टोकातील भिंगावर मळ असल्यासही आकडा खाली येतो, आणि नेमके तेच पुसायचे राहते. सहा महिन्यांखालील बाळाची नळी इतकी अरुंद असते, की तेथे या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.