वाचकांचे प्रश्न : भाडे जागेचे की सेवेचे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी सामायिक कार्यालयांच्या व्यवसायाशी संबंधित पत्रे एकत्र घेतली आहेत. ती सर्व नाशिकमधून आली आहेत आणि पहिल्या पत्रातील प्रश्न बाकीच्यांनाही लागू पडत असल्यामुळे त्याचे उत्तर अधिक सविस्तर दिले आहे.

प्रश्न : कॅनडा कॉर्नरजवळ आमच्या मालकीच्या दोन मजल्यांवर वडिलांनी तीस वर्षांपूर्वी वकील, करसल्लागार आणि विमा प्रतिनिधी यांना टेबले व केबिन देण्यास सुरुवात केली. टंकलेखक, दूरध्वनी आणि शिपाई सर्वांना मिळून असत. आज तेथे वाय-फाय आणि मीटिंग रूम आहे, आणि संगणक क्षेत्रातील तरुण महिन्याच्या बोलीवर बसतात. मात्र जुन्या केबिनधारकांचे भाडे नव्यांच्या निम्म्याहून कमी आहे आणि त्यांच्याशी लेखी करारही नाही. वडिलांनी जोडलेली माणसे न दुखावता भाडे कसे वाढवावे?
— शरणपूर रोडवरील एक वाचक

उत्तर : भाडे किती वाढवायचे हा आपला दुसरा प्रश्न आहे. हे केबिनधारक कायद्याच्या दृष्टीने आपले कोण लागतात, हा पहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स (जागेत हक्क न देता ती वापरण्याचा केवळ परवाना), करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यवहारात त्याहून जड पडते ते त्याच कलमातील दुसरे वाक्य : नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याविषयी भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ज्या वकिलांकडे केबिनची स्वतंत्र किल्ली आहे, दारावर नावाची पाटी आहे आणि ज्यांच्या अशिलांना दोन पिढ्या तोच पत्ता ठाऊक आहे, ते उद्या ‘मी भाडेकरू आहे’ असे म्हणाले, तर त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येणार नाही. कागदावर ‘परवाना’ लिहिले म्हणून भाडेकरूपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात स्पष्ट केले. तेथे दिल्लीतील एका हॉटेलमधील केशकर्तनालयाच्या खोल्यांचा प्रश्न होता. करारात शब्द परवान्याचा होता, पण खोल्यांचा अनन्य ताबा पाहून न्यायालयाने तो भाडेपट्टा ठरवला. शिवाय भाडेकरूपण एकदा मान्य झाले, की कायद्याने दरवर्षी मिळणारी भाडेवाढ ४ टक्क्यांची आहे.

म्हणून वाढीची नोटीस पाठवून सुरुवात करू नये. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बसून आधी करार करावा, आणि त्यात आपण काय देतो याचे दोन भाग पाडावेत : जागा आणि सेवा. जागेचा दर जुन्यांसाठी कमी राहिला तरी चालेल. ज्या माणसाने तीस वर्षांत एकही महिना चुकवलेला नाही, ज्याच्यासाठी दलाली द्यावी लागली नाही आणि ज्याचे टेबल कधी रिकामे राहिले नाही, त्याला दिलेली सूट हा तोटा नसतो. नव्या मंडळींपैकी अनेक जण चार-सहा महिन्यांत निघून जातात आणि ती जागा भरेपर्यंतचा खर्च हिशोबात धरला, तर दोन दरांमधील अंतर आपल्याला वाटते त्याहून कमी निघेल. परंतु इंटरनेट, साफसफाई, रिसेप्शन, वातानुकूलन आणि इन्व्हर्टर यांचा खर्च जुन्या-नव्यांना सारखाच येतो, म्हणून सेवाशुल्क सर्वांना समान असावे आणि त्याचा फेरविचार दरवर्षी एप्रिलमध्ये व्हावा. जुन्या मंडळींना हा फरक पटतो, असा माझा अनुभव आहे. ‘बाजारभाव वाढला’ हे कारण मात्र त्यांना पटत नाही, आणि ते न पटण्यात त्यांचे फारसे चुकतही नाही.

येथे एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. आपली वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यामुळे आपण जीएसटीखाली असाल, तर बिलावर १८ टक्के कर लागतो. संगणक कंपनी किंवा निर्यातदार त्या कराची वजावट स्वतःच्या जीएसटीच्या हिशोबात घेतो, म्हणून त्याच्या दृष्टीने दर तेवढाच राहतो. वकील आणि विमा प्रतिनिधी यांच्या सेवांवरील कर बहुतांशी सेवा घेणाऱ्याने भरायचा असतो किंवा त्या करमुक्त असतात, त्यामुळे त्यांना ही वजावट मिळत नाही आणि १८ टक्के थेट खिशातून जातात. एकाच आकड्याचे बिल दोघांना सारखे पडत नाही, हे लक्षात ठेवून बोलणी केल्यास जुन्यांचा विरोध कोठून येतो ते समजेल.

कराराचा खर्च फार नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. समजा, केबिनचे भाडे दरमहा २०,००० रुपये, मुदत २४ महिने आणि परत करायची अनामत ६०,००० रुपये आहे. एकूण भाडे ४,८०,००० रुपये, त्यात अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेले दोन वर्षांचे व्याज १२,००० रुपये. या ४,९२,००० रुपयांवर शुल्क १,२३० रुपये होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ही नोंदणी ऑनलाइनही होते, त्यामुळे वयोवृद्ध केबिनधारकांना दुय्यम निबंधक कार्यालयात रांगेत उभे करण्याचे कारण नाही.

जागा आणि सेवा वेगळ्या दाखवल्या म्हणजे प्राप्तिकरातही आपोआप वेगळे वागवले जाईल, असे मात्र समजू नये. शंभू इन्व्हेस्टमेंट या कंपनीने सुसज्ज कार्यालयातील टेबल-जागा सेवांसह दिल्या होत्या. ते उत्पन्न व्यवसायाचे नसून घरमालमत्तेचे (प्राप्तिकरात इमारतीच्या भाड्यासाठीचे शीर्षक) आहे, हा कलकत्ता उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायम केला. पुढे २०१५ मध्ये चेन्नई प्रॉपर्टीज प्रकरणात, जागा भाड्याने देणे हाच ज्या कंपनीचा मुख्य उद्योग होता, तिचे उत्पन्न व्यवसायाचे मानले गेले. घरमालमत्ता धरल्यास सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पण शिपायाचा पगार आणि फर्निचरचा घसारा वेगळा मागता येत नाही. व्यवसाय धरल्यास नेमके उलट होते. आपण किती सेवा देता यावर हे बरेचसे ठरेल, म्हणून करार लिहिण्यापूर्वीच सीएंना मसुदा दाखवावा.

प्रश्न : काही जण प्रत्यक्ष बसत नाहीत, त्यांना जीएसटी नोंदणीसाठी किंवा कंपनीसाठी फक्त आमचा पत्ता हवा असतो. पैसे चांगले मिळतात. यात धोका आहे काय?
— मुंबई नाक्याजवळील एक वाचक

उत्तर : पत्ता देणे बेकायदेशीर नाही, पण तो केवळ कागदावरचा राहिला तर अडचण आपल्या दारात येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार नोंदणीकृत कार्यालयात पत्रव्यवहार स्वीकारण्याची आणि त्याची पोच देण्याची सोय असावी लागते, बाहेर कंपनीच्या नावाची पाटी असावी लागते, आणि निबंधकाला प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा अधिकार आहे. जीएसटीमध्ये नोंदणी प्रमाणपत्र मुख्य ठिकाणी लावणे आणि प्रवेशद्वारावरील पाटीवर नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे. अधिकारी तपासणीस आला आणि रिसेप्शनवरील मुलीने ‘हे नाव मी ऐकलेले नाही’ असे सांगितले, तर त्या ग्राहकाची नोंदणी धोक्यात येईल आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आपल्या पत्त्याकडे संशयाने पाहिले जाईल. त्याची झळ रोज येऊन बसणाऱ्या प्रामाणिक ग्राहकांना लागते. म्हणून ना हरकत पत्र देण्यापूर्वी ओळखपत्रे घ्यावीत, टपालाची आवक-नोंदवही ठेवावी, पाटी लावावीच, आणि करार संपला की पत्ता बदलल्याचा पुरावा मिळाल्यावरच अनामत परत करावी. मालाच्या व्यापारासाठी पत्ता मागणाऱ्याला माल कोठे ठेवणार हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर त्याला नकार द्यावा.

प्रश्न : आमचे जुने कार्यालय पूर्ण भरलेले आहे. गंगापूर रोडवर एक नवीन मजला नऊ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, पाच वर्षांच्या लॉक-इनसह (म्हणजे तोवर जागा सोडता येणार नाही, या अटीवर) मिळत आहे. सिंहस्थामुळे मागणीही वाढली आहे. घ्यावा का?
— एक वाचक, थत्तेनगर

उत्तर : या अटींवर घेऊ नये. या व्यवसायातील मोठमोठ्या कंपन्या ग्राहक नव्हते म्हणून अडचणीत आल्या नाहीत. जागेचे देणे अनेक वर्षांचे आणि ग्राहकाची बांधिलकी महिन्याची, या विसंगतीने त्यांना खाली खेचले. १९८९ मध्ये ब्रुसेल्समध्ये सुरू झालेल्या रीजसला २००३ मध्ये अमेरिकेतील व्यवसायासाठी दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. २०१० मध्ये सुरू झालेली वीवर्क नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच वाटेने गेली आणि न परवडणारे भाडेपट्टे सोडून देणे हाच तिच्या पुनर्रचनेचा गाभा होता. आपल्या कॅनडा कॉर्नरच्या वाचकाची जागा स्वतःच्या मालकीची आहे, म्हणून मंदीत त्यांना कमी मिळते. आपल्याला अशा वेळी पदरचे घालावे लागेल.

गणित असे मांडावे. समजा, नव्या मजल्यावर चाळीस आसने आहेत आणि आसनामागे ७,५०० रुपये मिळतात. सर्व भरली तर ३,००,००० रुपये. भाडे, पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता मिळून खर्च २,४०,००० रुपये असेल, तर बत्तीस आसने रोज भरलेली असल्याशिवाय नफा सुरूच होत नाही. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी ठेकेदार, सल्लागार संस्था आणि कार्यक्रम आखणाऱ्या कंपन्या जागा शोधत आहेत, हे खरे. पण त्यांची गरज वर्ष-दीड वर्षाची आहे आणि आपली सही नऊ वर्षांची असेल. मालकाशी बोलून एकतर लॉक-इन दीड वर्षावर आणावे, किंवा निश्चित भाड्याऐवजी उत्पन्नातील हिस्सा द्यावा. दुसऱ्या पर्यायात मालक आपली हिशोबाची वही पाहू मागेल. ती दाखवण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : वीजबिल आम्ही सब-मीटरप्रमाणे वसूल करतो. त्यावर आणि अनामत रकमेवर जीएसटी लावावा का?
— महात्मानगर येथील वाचक

उत्तर : परत करायच्या अनामतीवर कर नाही. तिच्यातून थकलेले भाडे वळते केले, तर तेवढ्या रकमेवर लागतो. विजेबाबत ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात स्पष्टता आहे : भाड्यासह एकत्र आकार घेतल्यास संपूर्ण रकमेवर भाड्याच्या दराने कर, आणि महावितरणने आकारले तेवढेच प्रत्यक्ष वसूल केल्यास ती रक्कम भाड्याच्या मूल्यात धरली जात नाही. युनिटमागे दोन रुपये जास्त घेण्याची जी जुनी पद्धत शहरात अनेक ठिकाणी दिसते, ती या सवलतीत बसत नाही.

प्रश्न : इमारत जुनी आहे, अग्निसुरक्षेचे नेमके काय करावे लागते?
— सीबीएसजवळील एक वाचक

उत्तर : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाकडे द्यावे लागते. ते कोणाच्या खर्चाने, हे करारात लिहावे. सामायिक कार्यालयात तो मालकाचाच खर्च मानून सेवाशुल्कात धरणे योग्य. न्यायालयाजवळच्या कार्यालयांत जिन्यात आणि मार्गिकेत रचलेले जुन्या खटल्यांचे गठ्ठे मात्र प्रमाणपत्राची वाट न पाहता या आठवड्यातच हलवावेत.