शब्दशंका : कौतुक वेगळे, समाधान वेगळे

या दोन शब्दांची पत्रे वर्षभर येतात. प्रगतिपुस्तके वाटून झाली की ढीगच लागतो. म्हणून या खेपेला एकत्रच उत्तरे देतो.

मुलीच्या प्रगतिपुस्तकात 'समाधानकारक' असा शेरा आला म्हणून आम्ही पेढे वाटले. भाचा म्हणतो, हे काही कौतुक नव्हे. (एक पालक, दारव्हा तालुका)

पेढे गोडच लागले असतील, पण भाचा बरोबर आहे. 'समाधानकारक' म्हणजे हवे तेवढे झाले. कौतुक 'उत्तम' किंवा 'उल्लेखनीय' मध्ये असते. मुलगी नेमकी कुठे मागे आहे, ते वर्गशिक्षिकेला विचारा. दिवाळीचा शेरा घेऊन होळीला जाऊ नका.

हे शब्द कोणत्या लिंगाचे?

दोन्ही नपुंसकलिंगी.

कापूस वेचून आल्यावर मी साऱ्या घराचा स्वयंपाक करते. सासूबाई चारचौघींत म्हणतात, "मी समाधानी आहे." हे माझे कौतुक समजू का? (आर्वी)

नाही. 'समाधानी' हा त्यांच्या स्वभावाचा शब्द, त्यात तुम्ही कुठेच नाही. "सुनेच्या कामानं माझं समाधान झालं" म्हणाल्या असत्या, तर तुमचा हात त्यात आला असता. तरी ते कौतुक नव्हेच. कौतुक दुसऱ्याचे करायचे असते. समाधान ज्याचे त्याला होते, न बोलताही. 'आईचे कौतुक' म्हणजे आईने केलेले किंवा आईचे झालेले, दोन्ही अर्थ निघतात. 'आईचे समाधान' मात्र फक्त आईचेच. आणि कुणी "लय कौतिक नको सांगू मले" म्हटले, तर शब्द सोडा, सूर ऐका. सासूबाईंच्या मनातले मात्र शब्दकोशात सापडणार नाही, त्यांनाच विचारा.

'कौतुक' हा मूळ वाईट शब्द आहे, असा संदेश व्हॉट्सॲपवर आला आहे.

पुढे पाठवू नका. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, लग्नात मनगटावर बांधायचा मंगल धागासुद्धा. यात वाईट काय? असे संदेश पाठवण्याआधी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन शब्दकोश उघडावा.

ठिबकचा संच बसवला त्या दिवशी वीज नव्हती, मोटर चाललीच नाही. तरी विक्रेत्याने 'काम समाधानकारक झाले' या कागदावर सही घेतली. तक्रार केली, तर 'आपल्या तक्रारीचे समाधान करण्यात आले आहे' असा मेसेज आला. पाणी शेवटच्या ओळीपर्यंत अजून पोचत नाही. (दर्यापूर तालुका)

याच वाक्यावर मी कित्येक वर्षे डोके आपटतो आहे. तक्रारीचे निवारण होते. समाधान तक्रारदाराचे होते. हिंदीत 'समस्या का समाधान' म्हणजे तोडगा. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, कारभारात दोन्ही भाषा चालत, त्यामुळे तो अर्थ आपल्या कानाला खटकत नाही. मराठीतही 'शंकासमाधान' आहेच, पण त्यात शंका विचारणाऱ्याचे मन भरावे लागते. उत्तर देणाऱ्याने "झाले समाधान" म्हणून भागत नाही. या मेसेजने मात्र तुमच्या मनातली गोष्ट तुम्हाला न विचारता ठरवून टाकली. विक्रेत्याचा कागद तर त्याहून धूर्त : पाणी पाहण्याआधीच तुमचे समाधान त्याने लिहून घेतले. संच 'मिळाला' आणि काम 'समाधानकारक झाले' या दोन वेगळ्या सह्या आहेत. पहिली त्या दिवशी देता येते, दुसरी पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावरच. आधी सही मागितली, तर तिच्याच वर लिहा : 'वीज नसल्याने चाचणी झाली नाही.' एवढ्याने विक्रेत्याचा चेहरा बदलतो.

तुमची सही होऊन गेली आहे, तेव्हा तिचे वजन किती, हे मी सांगू नये. कागद, बिल आणि मेसेज घेऊन तालुका कृषी कार्यालयात जा, नंतर वकिलाकडे. तालुका विधी सेवा समितीत पात्र असाल तर मदत मोफत मिळते. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत साधारण २ वर्षांची. पत्रात बसवल्याची तारीखच नाही, ती आधी शोधा.

'दाद देणे' आणि 'दाद मागणे' एकच का?

नाही. पहिली गाण्याला देतात, दुसरी कोर्टात मागतात. सोबत जोडलेल्या नोटिशीवरून तुमचे काम दुसरीचे दिसते. ती मला कशाला पाठवली? आजच वकिलांना दाखवा.